आधी पूर्वपक्ष : प्रस्तावना

आमच्या इंदिरानगरात चार्वाक चौक आहे. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. चार्वाक कोण होता, हे मात्र चौकात उभं राहून कोणी विचारत नाही. प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण न मानणारा, कोणी कितीही अधिकाराने सांगितलं तरी 'कशावरून?' असं विचारणारा हा आपल्याच परंपरेतला विचार. त्या मताच्या लोकांचे स्वतःचे ग्रंथ आज जवळजवळ उरलेले नाहीत. चार्वाकाचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या पोथ्यांतून. खोडून काढण्यासाठी का होईना, त्यांनी ते आधी मांडलं म्हणून पोचलं. शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणतात. समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग आपलं.

ही पुस्तिका त्या जुन्या रीतीला धरून केली आहे. विषय नाशिकचाच आहे : इंग्रजी राज्याविरुद्ध उभे राहिलेले, आणि त्या राज्याच्या खुर्चीत बसलेले, काही लोक. त्यातल्या बहुतेकांचं म्हणणंही आपल्याकडे दुसऱ्याच्या तोंडून आलेलं आहे. पोलिसांच्या, न्यायालयाच्या, वर्तमानपत्रांच्या, भक्तांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या. ते कसं वाचायचं, एवढाच या पानांचा प्रश्न आहे.

घटना थोडक्यात सांगतो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री जुन्या नाशकातल्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि निरोपाचे समारंभ चालू होते. ते नाटकाला आले आणि आपल्या जागेकडे जात असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले, शिकायला औरंगाबादेत होते, वय अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली. पुढे नाशिक कटाचा मोठा खटला चालला. लंडनहून पिस्तुलं पाठवल्याच्या आरोपातून विनायक दामोदर सावरकरांवर आलेल्या जन्मठेपेच्या दोन शिक्षा याच साखळीतल्या.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. या घटनेला माझ्या तासात साधारण दोन मिनिटं मिळायची. 'जुलमी कलेक्टर जॅक्सन याचा अनंत कान्हेरे यांनी वध केला', हे वाक्य मी फळ्यावर लिहायचो, मुलं वहीत उतरवायची आणि परीक्षेत त्याचे दोन गुण मिळायचे. त्या वाक्यात 'जुलमी' कशावरून, हे मला एकाही मुलाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. उत्तर होतं आणि भक्कम होतं, पण मीच ते शोधलं नव्हतं. निवृत्तीनंतर ही गोष्ट मला फार लागली. ज्या मुलाने प्राण दिले त्याच्यासाठी माझ्याकडे एक उसनं वाक्य होतं.

गेली दोन वर्षं रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून आठवी ते दहावीची मुलं आणि काही पालक बसतात. इंदिरानगर ही नव्याने वाढलेली वस्ती. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे, नोकऱ्यांमुळे धुळ्याहून, मालेगावाहून, जळगावाहून आलेली घरं इथे पुष्कळ. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी असतात, त्या या मुलांकडे नसतात. सुरुवातीला मला ते उणं वाटलं. पुढे लक्षात आलं की या मुलांना विचारायला संकोच वाटत नाही.

एका रविवारी मी त्यांना जॅक्सनबद्दल दुसरी बाजू सांगितली. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते, लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी गुजरातच्या प्राचीन इतिहासावर त्यांनी काम केलं होतं. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी लोकसमजुतींची माहिती जमवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी ती संपादित करून गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत प्रसिद्ध केली. शेतात भूत दिसलं तर काय करतात, पाऊस लांबला तर काय करतात, अशा नोंदींखाली 'अमुक गावचा शाळामास्तर' असा हवाला त्यात सापडतो. हे ऐकून नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, इतकं विचारून घेणारा माणूस मग वाईट कसा?" मी काही बोलायच्या आत मागे बसलेल्या एका आईने उत्तर दिलं. त्या एका कारखान्यात काम करतात. म्हणाल्या, "आमचे आधीचे साहेबपण गोड बोलायचे, घरची चौकशी करायचे. पगार कापायचा तेव्हा कापायचेच. माणूस चांगला असला तरी सही खुर्चीची असते."

या पुस्तिकेचं तिसरं प्रकरण त्या वाक्यातून निघालं आहे. माणूस आणि पद असे दोन कागद आम्ही शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या कागदावर संस्कृत, लोककथा, विद्वत्ता. दुसऱ्यावर १९०९ सालचा बाबाराव सावरकरांचा खटला. बाबाराव म्हणजे गणेश दामोदर सावरकर, विनायक सावरकरांचे थोरले भाऊ. त्यांनी कवितांची एक लहान पुस्तिका प्रसिद्ध केली होती. जॅक्सन जिल्ह्याचे प्रमुख असताना त्यावरून खटला उभा राहिला. आरोप राजद्रोहाचाच नव्हता, बादशहाविरुद्ध युद्ध पुकारण्याचाही होता. जून १९०९ मध्ये शिक्षा झाली ती जन्मठेप, काळं पाणी आणि मालमत्तेची जप्ती. मुलांनी वहीत दोन ओळी लिहिल्या : 'गुन्हा - छापलेल्या कविता', 'शिक्षा - जन्मभर अंदमान'. 'जुलमी' या शब्दाचा पुरावा मला इथे मिळाला. तो जॅक्सनच्या स्वभावात शोधायचा नव्हता, ज्या व्यवस्थेचा कारभार ते पाहत होते तिच्या कायद्यात आणि शिक्षेच्या मापात शोधायचा होता. आता ते विशेषण मी पुन्हा फळ्यावर लिहीन, पण माणसापुढे न लिहिता राज्यापुढे लिहीन.

पुस्तिकेत पाच प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्नाला एक प्रकरण दिलं आहे.

पहिला प्रश्न : हे कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी? याचं उदाहरण अवघड आहे आणि मी ते मुद्दाम पहिलं ठेवलं आहे. पकडल्यानंतर कान्हेरे यांनी दिलेला म्हणून एक जबाब व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० च्या आपल्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात छापला. त्याचा आशय असा : जुलमाच्या हकिकती आपण वर्तमानपत्रांत वाचल्या, साहेबांना मारल्याने लोकांना न्याय मिळेल असं वाटलं, आपल्यावर किंवा ओळखीच्या कोणावर अन्याय झालेला नाही, आणि एका भल्या माणसाला विनाकारण मारल्याचा आता पस्तावा होतो. पार्किंगमध्ये हे वाचलं तेव्हा कोणी बोलेना. मग दहावीतल्या एका मुलाने विचारलं, "असं असेल तर हुतात्मा का म्हणायचं?"

त्या दिवशी आम्ही दीड तास फक्त या कागदाला प्रश्न विचारले. जबाब कुठे दिला? कोठडीत, फास समोर दिसत असताना. कोणत्या भाषेत? मुलगा मराठी, आपल्या हाती आहे तो इंग्रजी मजकूर. छापला कोणी? हिंदुस्थानातल्या असंतोषाचं खापर टिळकांच्या वृत्तपत्रांवर फोडू पाहणाऱ्या लेखकाने, आणि त्याच्या या युक्तिवादाला हा जबाब नेमका सोयीचा होता. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्यांनी याच पुस्तकाबद्दल चिरोलवर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. एवढं पाहिल्यावर काही मुलं म्हणाली, मग हा जबाब खोटाच. तिथे मी त्यांना थांबवलं. छापणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून मजकूर आपोआप खोटा ठरत नाही. अठराच्या आसपासच्या मुलाला मृत्यूच्या दारात पस्तावा होणं अशक्य नाही. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. तिथे राहणाऱ्या मुलाला इंग्रज कलेक्टरचा स्वतःचा अनुभव नसणंही शक्य आहे. हे माझं अनुमान आहे आणि पुस्तिकेत ते अनुमान म्हणूनच दिलं आहे. जबाब कोपऱ्यात फेकायचा नाही आणि डोक्यावरही घ्यायचा नाही. त्याच्या बाजूला 'कोठडी, भाषांतर, चिरोल' असे तीन शब्द लिहून तो जवळ ठेवायचा.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर? मला सुचलं ते असं. 'हुतात्मा' हा शब्द लोकांनी त्याने जे दिलं त्यासाठी वाहिला आहे. तो त्याच्या प्रत्येक निर्णयाला दिलेला दाखला नाही. जबाब खरा असला तरी देणं कमी होत नाही, आणि देणं मोठं आहे म्हणून जबाब लपवायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न शब्दांचा. मराठीत कंसाचा वध होतो, अफजलखानाचा वध होतो आणि शेजाऱ्याचा खून होतो. 'हत्या' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. शब्द निवडला की निकाल लागलेला असतो आणि वाचणाऱ्याला आपण निकाल वाचला हे कळतही नाही. हाच खेळ दुसऱ्या बाजूनेही झाला आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातले महादेव कोळी पुढारी राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यातच फाशी दिली गेली, कान्हेरे यांच्या बासष्ट वर्षं आधी. इंग्रजी दप्तरात ते दरोडेखोरांच्या टोळीचे नायक आहेत. डोंगरातल्या लोकांच्या आठवणीत ते बंडकरी आहेत, देव आहेत. राघोजींच्या लोकांनी सावकारांची नाकं कापल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. 'दरोडा' म्हटलं की ते नुसतं क्रौर्य ठरतं, 'क्रांती' म्हटलं की नाकांचा उल्लेखच गळतो. दोन्ही शब्द बाजूला ठेवले तर खरा प्रश्न समोर येतो : इंग्रजी अंमल आल्यावर डोंगरातल्या माणसाच्या जमिनीचं आणि कर्जाचं असं काय झालं, की त्याचा पहिला राग सरकारच्या आधी सावकारावर निघाला?

तिसरा प्रश्न, माणूस आणि पद, वर आलाच आहे.

चौथा प्रश्न : गप्प कोण आहे? बाबाराव अंदमानात गेले, घरादारावर जप्ती आली, आणि मागे राहिल्या त्यांच्या पत्नी यशोदाबाई, ज्यांना सगळे येसूवहिनी म्हणत. १९१९ मध्ये त्या वारल्या. बाबाराव सुटले १९२२ मध्ये. नवऱ्याची भेट त्यांना झाली नाही. आपल्या पुस्तकांत त्यांना बहुधा एक परिच्छेद मिळतो, तोही त्यागाचा. धान्य कसं भरलं, कोणी दार उघडलं, कोणी लावून घेतलं, हे विचारायला आपण उशीर केला. राज्यकर्त्यांच्या दप्तरातही अशाच रिकाम्या जागा असतात, आणि त्या काही वेळा मुद्दाम केलेल्या असतात. केनियातल्या माऊ माऊ उठावाच्या वेळी छळ झालेल्या वृद्धांनी ब्रिटिश सरकारवर दावा केला, तेव्हा इतकी वर्षं दडवून ठेवलेल्या वसाहतींच्या फायली इंग्लंडमध्ये बाहेर आल्या. २०१३ मध्ये पाच हजारांहून अधिक जणांना भरपाई देण्याचं सरकारने मान्य केलं. 'कागदात नाही म्हणजे घडलं नाही', असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण पुरेसं आहे.

पाचवा प्रश्न : त्या दिवशी त्यांना काय माहीत होतं? १९०९ चा माणूस १९४७ पाहून वागत नव्हता. त्या तरुणांसमोर टिळकांची सहा वर्षांची शिक्षा होती, बाबारावांची जन्मठेप होती, १ जुलै १९०९ ला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्यावर झाडलेल्या गोळ्या होत्या. गांधींची चळवळ हिंदुस्थानात अजून यायची होती. त्यांना उपलब्ध असलेल्या वाटा मोजल्याशिवाय त्यांनी निवडलेली वाट तोलता येत नाही. विनायक सावरकरांनी अंदमानातून केलेल्या सुटकेच्या अर्जांवर आज जे घमासान चालतं, त्यात दोन्हीकडचे लोक बहुतेकदा हेच विसरतात : एक बाजू १९०९ वरून १९१३ चा अर्ज पुसते, दुसरी त्या अर्जावरून १९०९. य. दि. फडके यांनी 'शोध सावरकरांचा' लिहून सप्रमाण तपासणी कशी करायची ते दाखवून ठेवलं आहे. आम्ही या पुस्तिकेत १९११ नंतरच्या सावरकरांकडे गेलो नाही, कारण दोन पानांत तो न्याय होणार नाही.

मनातली गोष्ट आणि पुढे तिला मिळालेला अर्थ वेगळा असू शकतो, हेही याच प्रकरणात आहे. पुण्याचे दामोदर हरी चापेकर यांनी २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर गोळी झाडली. तुरुंगात त्यांनी आत्मवृत्त लिहिलं. प्लेगच्या झडत्यांचा संताप त्यात आहेच, पण समाजसुधारकांबद्दलचा कडवा तिटकाराही आहे. आपण पहिला भाग घेतो आणि दुसरा सोडतो. मुलांनी दोन्ही वाचावेत असं मला वाटतं. परक्या सत्तेपुढे ताठ उभा राहणारा माणूस घरातल्या अन्यायाच्या बाजूनेही उभा असू शकतो, हे कळलं की पुष्कळ गोष्टी समजायला लागतात. आपल्याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. पाठ्यपुस्तकात हे दोन सत्याग्रह वेगवेगळ्या धड्यांत असतात. नाशिकच्या माणसाने ते एका पानावर ठेवून वाचावेत : स्वातंत्र्य कोणापासून, आणि कोणासाठी?

एक इशारा मात्र ठामपणे देतो. दोन्ही बाजू ऐकणं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या मानणं नव्हे. पूर्वपक्ष मांडल्यावर निर्णय द्यावा लागतो. तो न देणं ही पळवाट आहे. माझा निर्णय असा आहे : कवितेच्या पुस्तकासाठी माणसाला समुद्रापार गाडणारं राज्य अन्यायाचं होतं आणि त्याविरुद्ध उठणं रास्त होतं. निःशस्त्र माणसावर, त्याच्या निरोपाच्या दिवसांत, नाटकगृहात गोळी झाडणं हा त्या उठण्याचा योग्य मार्ग होता असं मला म्हणवत नाही. आणि ज्याने ती झाडली त्या मुलापुढे माझी मान आजही झुकते. या तिन्ही गोष्टी मी एकाच वेळी बाळगतो. मुलांनी माझा निर्णय उचलू नये. त्यांनी आपला करावा, पण पुरावा मांडून करावा आणि नवा कागद सापडला तर बदलायला तयार असावं.

कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना फाशी झाली त्याच १९१० च्या जुलैत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्यामागे असलेले वि. का. राजवाडे देशाच्या अभिमानात कोणाला हार जाणारे नव्हते, आणि अस्सल कागदाशिवाय एक ओळ मान्य करणारेही नव्हते. अभिमान आणि तपासणी एका माणसात नांदू शकतात, याची साक्ष मराठीत आधीपासून आहे. आम्ही नवं काही केलेलं नाही.

आता ऋण. रविवारची झोप मोडून आलेल्या मुलांचं; सतरंजी आणि चहा देणाऱ्या घरांचं; जुन्या पुस्तकांसाठी पुन्हा पुन्हा कपाटं उघडणाऱ्या ग्रंथालयातल्या मंडळींचं; आणि 'सही खुर्चीची असते' म्हणणाऱ्या त्या बाईंचं.

ही पुस्तिका कशी वाचावी, तेही सांगतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पान कोरं सोडलं आहे. वाचून झालं की त्या पानावर, ज्याच्याशी तुमचं पटत नाही त्याचं म्हणणं आधी लिहा, त्याने वाचलं तर 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं तो म्हणेल इतकं नीट. मग त्याखाली तुमचं.

इंदिरानगरचा बोगदा ओलांडून मुंबई नाक्यावरून पुढे गेलं की मैदान लागतं. त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे आणि आपण सगळे त्याला गोल्फ क्लब म्हणतो. मागच्या २१ डिसेंबरला आमची मुलं सकाळी तिथे गेली. फलकाखाली फुलं ठेवली, मग तिथल्याच कट्ट्यावर बसून वह्या उघडल्या. फेऱ्या मारणारे एक आजोबा थांबले आणि त्यांनी विचारलं, "काय लिहिताय?" दहावीतला तोच मुलगा म्हणाला, "जॅक्सनची बाजू. तिच्याखाली कान्हेऱ्यांची लिहायची आहे." आजोबा क्षणभर उभे राहिले आणि मग कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसले. फेरी त्यांनी अर्धवट सोडली.

— इंदिरानगर, नाशिक